कोंबडी गप्प बसली तर? पहिल्या चोवीस तासांत काय बघायचं, काय करायचं

 

आजचा विषय ऐकून काही जण हसणार, हे मला माहितीये. "अरे, तू कोडिंगवर बोलणारा माणूस, कोंबड्यांवर कधीपासून बोलायला लागलास?" तर आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी बीटेक झालोय, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. मी पशुवैद्य नाही. पण माझी मामी पाटण तालुक्यात राहते, तिच्याकडे पंधरा-सोळा गावठी कोंबड्या आहेत, आणि त्यातली एखादी गप्प बसली की व्हिडिओ कॉल मला येतो. घरातला 'नेटवर बघून सांगणारा' मीच ना! मग मी बघतो, तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावतो, ते सांगतील ते मामीला समजावतो. तीन-चार वर्षं हेच चाललंय. त्यातून जे शिकलो ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गावच्या घरी दहा-बारा कोंबड्या असतील. कुणी गिरिराज किंवा वनराजची पिल्लं आणली असतील, कुणी कडकनाथ. घरच्यांना विचारून बघा, या कोंबड्यांचा हिशोब कोण ठेवतं? बहुतेक ठिकाणी आई, आजी, मामी, काकी. अंड्यांचे पैसे हे घरातल्या बाईचे स्वतःचे पैसे असतात. ते कुणाला विचारून खर्च करावे लागत नाहीत. म्हणून 'एक कोंबडी गेली तर काय एवढं' असं म्हणणं सोपं असलं तरी ते खरं नाही. शिवाय एक कोंबडी कशाने गेली हे कळलं नाही, तर आठवड्याभरात खुराडं रिकामं होऊ शकतं.

आजचं सूत्र एका ओळीत सांगतो, लिहून ठेवा. आधी वेगळी करा, मग नीट बघा, औषध सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. आधी कुठलं तरी औषध पाण्यात टाकतात, मग बघतात, आणि वेगळी कधी करतच नाहीत.

कोंबडी आजार लपवते

पहिली गोष्ट. कोंबडी आजारी असल्याचं दाखवत नाही. कारण साधं आहे. कोल्हा, मुंगूस, घार, सगळ्यांचं हे खाणं आहे. कळपात जी कमजोर दिसते ती आधी उचलली जाते, आणि स्वतःच्या कळपातल्या कोंबड्याही तिला टोचायला लागतात. त्यामुळे अंगात ताकद असेपर्यंत ती ठीक असल्यासारखीच वागते. आपल्याला 'आज ही गप्प आहे' असं दिसतं, तेव्हा आजार बहुतेक एक-दोन दिवस जुना झालेला असतो.

म्हणून रोज सकाळी खुराडं उघडताना अर्धा मिनिट उभं राहायचं. कोण शेवटी बाहेर आली? दाणे टाकल्यावर कोण धावली नाही? मान आखडून, पिसं फुगवून, शेपूट खाली टाकून, डोळे अर्धवट मिटून कोण उभी आहे? यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर ती कोंबडी बघायला घ्यायची.

दोन वेळा मात्र घाबरायचं कारण नाही. एक, खुडूक कोंबडी. ती दिवसभर खुडावर बसते, पिसं फुगवते, खात कमी, अंडी बंद. नवख्या माणसाला ती आजारीच वाटते. पण हात जवळ नेला की ती गुरगुरते, टोचते, आणि डोळे एकदम टवटवीत असतात. आजारी कोंबडी अशी भांडत नाही. दुसरी गोष्ट, पिसं झडण्याचा काळ. वर्षातून एकदा जुनी पिसं पडतात, नवी येतात, तेव्हा कोंबडी अवतारात दिसते आणि अंडी थांबतात. खाणंपिणं चालू असेल तर ते नैसर्गिक आहे.

पहिला तास: आडोसा, ऊब, पाणी

समजा कोंबडी खरंच आजारी आहे. आजाराचं नाव माहीत नाही. तरी तीन कामं लगेच करता येतात, आणि ती जवळजवळ प्रत्येक आजारात उपयोगी पडतात.

एक, वेगळी करा. डालग्याखाली झाका किंवा मोठ्या खोक्यात ठेवा, बाकीच्यांपासून लांब, शांत जागी. याचे तीन फायदे. लागण असेल तर पसरायला आळा बसतो. बाकीच्या तिला टोचत नाहीत. आणि तिसरा फायदा लोक विसरतात: ती एकटी असली की तिने किती खाल्लं, किती पाणी प्यायली, शीट कशी टाकली, हे सगळं कळतं. म्हणून खाली भुसा किंवा गवत नको, जुना पेपर घाला. सकाळचा पेपर आणि संध्याकाळचा पेपर, दोन्हींचे फोटो काढा. आमच्या भाषेत सांगायचं तर हे लॉग आहेत. लॉग न वाचता कोड बदलत नाहीत, तसं पेपर न बघता औषध द्यायचं नाही.

आणि क्रम लक्षात ठेवा. आधी निरोगी कोंबड्यांचं दाणापाणी, मग आजारी कोंबडीचं. उलट केलं तर आपल्याच हातातून आणि चपलेतून रोग फिरतो. नंतर साबणाने हात धुवायचे.

दोन, ऊब. निरोगी कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणजे आपल्याला जो जबरदस्त ताप वाटेल तो तिला नॉर्मल. आजारी पडून खाणं थांबलं की तेवढी उष्णता टिकवायला तिची ताकद संपते. पावसाळ्यात आणि थंडीत हे फार महत्त्वाचं. खोक्याच्या एका बाजूला जुना तारेचा साठ वॅटचा बल्ब लावा, चोच किंवा पेपर त्याला टेकणार नाही इतक्या अंतरावर. एलईडीचा बल्ब लावून उपयोग नाही, तो पुरेशी ऊब देत नाही. तारेचा बल्ब मिळाला नाही तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. ऊब एकाच बाजूला हवी, म्हणजे नकोशी झाली तर तिला दुसरीकडे सरकता येईल.

याला एक अपवाद. मे महिन्यात, विदर्भात किंवा मराठवाड्यात, भर दुपारी कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकतेय आणि पंख अंगापासून लांब धरलेत, तर तो उन्हाचा त्रास असू शकतो. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंडाने वाफ बाहेर टाकून अंग थंड करते. तेव्हा ऊब द्यायची नाही. सावली, वारा, गार पाणी, आणि पाय ओले करायचे.

तीन, पाणी. आजारी कोंबडी भुकेच्या आधी पाण्याने मरते. एक लिटर पाण्यात सहा ते आठ छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त नको, कोंबड्यांना जास्त मीठ बाधतं. हे पाणी एक दिवस द्या, रोज नवीन बनवा, मग साधं पाणी.

आता नीट ऐका. कोंबडीची चोच उघडून आत पाणी ओतायचं नाही. तिच्या जिभेच्या लगेच मागे श्वासनळीचं भोक असतं. ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं आणि जी वाचली असती ती गुदमरून जाते. तेल पाजणं, हळदीचं दूध पाजणं, सगळ्यात हाच धोका आहे. चोचीचं फक्त टोक पाण्यात बुडवा, किंवा चोचीच्या कडेला एक-एक थेंब सोडा. ती स्वतः गिळेल.

पाणी पोटात गेलं की मग खाणं. मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा बलक, भिजवलेलं खाद्य. जबरदस्ती नको.

आता बघायचं: चोचीपासून शेपटीपर्यंत

कोंबडी उचलायच्या आधी फोन काढा. लांबून एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या. उचलली की ती घाबरते आणि श्वास वाढतो, मग खरं चित्र दिसत नाही. व्हिडिओत श्वास बघा. प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली होतेय का? थंड हवेतही चोच उघडी आहे का? रात्री सगळं शांत असताना आवाज रेकॉर्ड करा. घरघर, शिंका, शिट्टीसारखा आवाज, हे डॉक्टरांना ऐकवता येतं.

मग संध्याकाळी, अंधार पडताना, हळूच उचला. तेव्हा ती शांत असते. आणि दर वेळी एकाच क्रमाने बघा, म्हणजे काही सुटत नाही.

डोळे आणि नाक. फेस, चिकट पाणी, डोळ्याखाली सूज असेल तर श्वसनाचा आजार. असे आजार सर्दीसारखे दिसतात पण कळपात पसरतात.

तुरा. लालभडक म्हणजे ठीक. फिकट पडला असेल तर रक्त कमी झालंय. जंत किंवा रक्त पिणारे किडे असू शकतात. निळा-जांभळा पडला तर प्रकरण गंभीर. तुऱ्यावर, डोळ्याभोवती चामखिळीसारख्या काळ्या खपल्या असतील तर ती देवी. देवीचा विषाणू डास पसरवतात. फक्त कातडीवर असेल तर साधारण तीन-चार आठवड्यांत खपल्या पडून जातात. खपल्या ओढून काढायच्या नाहीत. तोंडात, घशात पिवळे थर आले तर मात्र डॉक्टर.

गळ्याखालची अन्नपिशवी. संध्याकाळी ती भरलेली असते आणि सकाळी रिकामी. सकाळी काही खायच्या आधी हात लावून बघा. दगडासारखी घट्ट लागली तर लांब गवत, दोरा असं काही अडकलंय. पाण्याच्या फुग्यासारखी आणि तोंडाला आंबूस वास असेल तर आत अन्न आंबलंय. कोंबडीला उलटी धरून ते ओकवायचं नाही, पुन्हा तेच, श्वासनळीत जातं.

छातीचं मधलं हाड. दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं लागलं तर आजार नवा आहे. हाड सुरीसारखं टोकदार लागलं तर ती कित्येक आठवड्यांपासून वाळत चालली आहे. ही एक खूण डॉक्टरांना फोनवर सांगितली तरी त्यांचे निम्मे प्रश्न संपतात.

पोट आणि मागची जागा. पोट मऊ आहे की पाण्याने टरारलंय? मागची पिसं शीटेने चिकटलीत का? तिथेच पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके, उवांच्या लिखा दिसतात.

पाय. तळव्याला काळी खपली आणि सूज असेल तर तो जखमेत पू झालेला आहे. पायाचे खवले उचकटलेले असतील तर खाली किडे आहेत. आणि तरुण कोंबडी एक पाय पुढे, एक मागे टाकून पडली असेल तर मरेक नावाचा विषाणूजन्य आजार असू शकतो. त्याला औषध नाही.

शेवटी शीट. चांगली शीट म्हणजे तपकिरी-हिरवट गोळा आणि वर पांढरी टोपी. ती पांढरी टोपी म्हणजे कोंबडीची लघवी, घाबरू नका. दिवसात काही वेळा चॉकलेटी रंगाची, चिकट, घाण वासाची शीट पडते, तीही नॉर्मल. रक्त दिसलं, पाण्यासारखी पातळ आली, किंवा गडद हिरवी हगवण लागली तर ती नॉर्मल नाही.

आणि हो, रात्रीची एक तपासणी. तुरे फिकट पडलेत, अंडी कमी झालीत, पण दिवसा अंगावर काहीच सापडत नाही, असं असेल तर रात्री नऊ-दहा वाजता मोबाईलचा टॉर्च घेऊन खुराड्यात जा. लाल किडे दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. ज्या दांडीवर कोंबड्या बसतात तिच्या खालून पांढरा कागद पुसा. लाल-तपकिरी डाग आले तर आजार खुराड्यात आहे. मग कोंबडीला कितीही टॉनिक द्या, खुराडं साफ केल्याशिवाय काही होणार नाही.

कधी थांबायचं आणि फोन लावायचा

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. तीन खुणा दिसल्या तर घरगुती उपाय बंद.

पहिली, मान वाकडी होणं, गोल फिरणं, पाय-पंख लुळे पडणं, सोबत हिरवी हगवण आणि धाप. ही मानमोडी असू शकते, म्हणजे राणीखेत. गावात तिला मानमोडी का म्हणतात ते लक्षणातच आहे. राणीखेत हे नाव उत्तराखंडमधल्या गावावरून पडलं. जगात तिला न्यूकॅसल म्हणतात. विषाणूचा रोग आहे, झाल्यावर औषध नाही, आणि लस नसलेल्या कळपात तो बहुतेक कोंबड्या घेऊन जातो.

दुसरी, एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या पटापट मरणं, काही तर लक्षण न दाखवता. डोकं सुजणं, तुरे जांभळे पडणं. हा बर्ड फ्लू असू शकतो. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद आपल्याच महाराष्ट्रातली आहे, फेब्रुवारी २००६, नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावातही तो आला. म्हणजे ही लांबची बातमी नाही.

तिसरी, आसपासच्या घरांमध्येही त्याच आठवड्यात कोंबड्या मरणं.

यातलं काहीही दिसलं तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या नंबरवर फोन करा. प्राण्यांमधल्या साथीच्या रोगांसाठी २००९चा केंद्राचा कायदा आहे, त्यानुसार असे रोग कळवणं मालकावर बंधनकारक आहे. लोक घाबरतात की सरकारी माणसं येऊन सगळ्या कोंबड्या मारतील. बर्ड फ्लू निघाला तर तसं होतं, हे खरं आहे. पण सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. उशीर केला तर कोंबड्याही जातात आणि पैसेही.

आणि आता थोडं कडू बोलतो. गावात पद्धत काय आहे? कोंबडी सुस्त दिसली की 'मरायच्या आधी कापा'. किंवा आठवडी बाजारात नेऊन विका. गरिबीत माणूस असं का करतो हे मला कळतं. पण बाजारात नेलेली एक आजारी कोंबडी दहा गावांत रोग पोचवते. आणि बर्ड फ्लूमध्ये धोका शिजवलेल्या रश्श्यात नसतो, ७० अंशांच्या वर नीट शिजवलं की विषाणू मरतो. धोका असतो तो कापताना आणि पिसं काढताना. आणि पिसं कोण काढतं घरात? बहुतेक आईच. एवढं एक वाक्य घरी सांगा, बाकी नाही सांगितलं तरी चालेल.

दोन कोंबड्या, दोन निकाल

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो.

मामीची एक तलंग होती, नुकतीच अंड्यावर आलेली. एका पावसाळी सकाळी ती ताठ उभी राहिली, पेंग्विनसारखी. सारखी जोर लावत होती, शीट जवळजवळ बंद. शेजारच्या काकांनी निकाल दिला, "कापून टाका, उद्यापर्यंत जाईल." मामीने कॉल केला. मी म्हटलं, "मामी, आधी लांबून व्हिडिओ पाठव, मग तिला हात लाव." डोळे स्वच्छ, श्वास ठीक, मान सरळ, बाकीच्या पंधरा कोंबड्या मजेत. म्हणजे साथीची खूण एकही नाही. डॉक्टरांना व्हिडिओ पाठवला. ते म्हणाले, अंडं अडकलंय.

उपाय काय, तर घमेल्यात कोमट पाणी, त्यात तिचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटं बुडेल असं बसवायचं, कोरडं पुसायचं आणि अंधाऱ्या उबदार खोक्यात ठेवायचं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढं कॅल्शियम. पोट दाबायचं नाही, आत अंडं फुटलं तर कोंबडी गेलीच. पहाटे अंडं आलं, मऊ कवचाचं. कोंबडी दुपारी उकिरड्यावर.

यामागचं कारण समजून घ्या. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच बनायला वीसेक तास लागतात. रोज नुसती ज्वारी-तांदूळ खाणाऱ्या कोंबडीला एवढं कॅल्शियम मिळत नाही. कॅल्शियम कमी तर कवच मऊ, आणि अंडं बाहेर ढकलणारे स्नायूही कमजोर. म्हणून अंड्यांची टरफलं भाजून चुरून, किंवा शिंपल्यांचा चुरा, वेगळ्या वाटीत ठेवायचा. जिला हवं ती खाते.

दुसरी कोंबडी म्हातारी होती. छातीचं हाड टोकदार, पोट मात्र पाण्याने फुगलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, फार आशा नाही. मामीने तिला उबेत ठेवलं, पाणी दिलं, चौथ्या दिवशी ती गेली. तिला दवाखान्यात नेऊन उघडून बघितलं तर अंड्याचा बलक नळीत जायच्या ऐवजी पोटात पडत होता आणि तिथे संसर्ग झाला होता. ती वाचली नाही, पण आम्हाला एक गोष्ट नक्की कळली. हा रोग पसरणारा नाही. बाकीच्या कोंबड्यांना काही द्यायची गरज नाही. मामी त्या रात्री शांत झोपली.

म्हणून कोंबडी मेली तरी कारण शोधा. मेलेली कोंबडी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घाला, बर्फावर ठेवा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. साथीची शंका असेल तर हलवू नका, आधी फोन करा. पुरायची असेल तर निदान तीन फूट खोल खड्डा, वर चुना, विहिरीपासून लांब. उकिरड्यावर टाकली तर कुत्री सगळ्या गावात फिरवतील.

औषधाबद्दल

मेडिकलमध्ये कुणीही 'कोंबडीची सर्दी' म्हटलं की अँटिबायोटिकची बाटली देतो. मानमोडी, देवी, मरेक हे विषाणूचे रोग, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. जिथे चालतं तिथेही कुठलं, किती आणि किती दिवस हे डॉक्टरच ठरवणार. कारण ते औषध अंड्यात उतरतं. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ती अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध कोंबड्यांना वाढीसाठी सर्रास दिलं जायचं. २०१९ मध्ये भारत सरकारने ते खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत बंद केलं. आपल्या परसातही तोच विचार हवा.

एक उदाहरण देतो. पावसाळ्यात तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं रक्ताची हगवण करून मरायला लागतात. ती रक्ती हगवण, आतड्यातल्या परजीवीमुळे होते. तिच्यावर अँप्रोलियम नावाचं औषध पाण्यातून देतात. ते परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून काम करतं. आता आपण प्रेमाने त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक टाकलं तर? औषधाचाच पाय आपण ओढला. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल तारखेसह लिहून. तसंच ओलं तूस बदललं नाही तर ही हगवण परत येणार, कारण परजीवीची अंडी ओल आणि उबेत एक-दोन दिवसांत तयार होतात.

लस: एकट्याने जमत नाही, वाडीने जमतं

शेवटचा मुद्दा. मानमोडीला औषध नाही, पण लस आहे आणि ती स्वस्त आहे. साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा, आणि आठ-दहा आठवड्यांची झाली की आर-टू-बी नावाचं इंजेक्शन. देवीची लस वेगळी. नेमकं वेळापत्रक तुमच्या दवाखान्यातून लिहून घ्या. लस फक्त निरोगी कोंबड्यांना द्यायची.

मग लोक देत का नाहीत? अडचण बाटलीची आहे. लसीची बाटली निदान शंभर मात्रांची येते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा पातळ केली की दोनेक तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी शंभरची बाटली कोण फोडणार?

इथे तुम्ही कामाला येता. तुमच्या हातात फोन आहे, वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर एक मेसेज टाका: कुणाकडे किती कोंबड्या, किती पिल्लं. दहा घरांच्या मिळून शंभर सहज होतात. दवाखान्यातून तारीख घ्या, थर्मासमध्ये बर्फ घेऊन बाटली आणा, आणि भल्या सकाळी, कोंबड्या सोडायच्या आधी, घरोघरी लस उरका. शेजाऱ्याच्या कोंबड्यांना लस नसेल तर तुमच्याही धोक्यात आहेत, त्यांचा उकिरडा एकच असतो. आणि बाजारातून नवीन कोंबडी आणली तर तीन-चार आठवडे तिला वेगळं ठेवा, मगच कळपात सोडा.

तर मंडळी, आजचं काम सोपं आहे. घरी फोन करा आणि तीन प्रश्न विचारा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर कुणाकडे आहे का? खुराड्याजवळ एक रिकामा खोका आणि जुने पेपर ठेवलेत का? शेवटची लस कधी दिली? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर तुमच्या घरचं खुराडं बऱ्यापैकी सुरक्षित आहे. नाही मिळाली तर या रविवारचं काम ठरलं.

हा भाग ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना पाठवा. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात. नमस्कार!